वाचक विचारतात : इंजिन चालू असताना विमान पडतं कसं?

मागच्या अंकात टेकऑफबद्दल लिहिताना स्टॉलचा उल्लेख ओझरता आला होता. पंखावरची हवा सुटते आणि उचल संपते, एवढं एक वाक्य. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार या वेळी घेतली आहेत. पहिल्या उत्तराला जागा जास्त गेली आहे, पण तो प्रश्नच तेवढ्या जागेचा आहे.

प्रश्न : मॅडम, १९९६ साली अमेरिकेत जेसिका डुब्रॉफ नावाची सात वर्षांची मुलगी विमानातून देश ओलांडायला निघाली आणि दुसऱ्याच दिवशी अपघातात गेली. तेव्हा मी शाळेत शिकवत होतो. पेपरातली बातमी वर्गात वाचून दाखवली होती. एवढ्याशा पोरीच्या हातात विमान दिल्यावर दुसरं काय होणार, असंच सगळ्यांचं मत पडलं. परवा नातवाशी बोलताना कळलं की इंजिन शेवटपर्यंत चालू होतं. मग विमान पडलं कशाने? आणि चूक खरंच त्या मुलीची होती का?
— एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : सर, चूक त्या मुलीची नव्हती. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण इतकी वर्षं झाली तरी 'सात वर्षांच्या पोरीने विमान पाडलं' हेच लोकांच्या डोक्यात बसलं आहे. जेसिका पुढे डाव्या सीटवर होती, उजवीकडे तिचे इन्स्ट्रक्टर जो रीड आणि मागे वडील लॉइड. कंट्रोल दोन्ही बाजूंना होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली आणि त्या वेळी विमान रीड चालवत होते, असा निष्कर्ष काढला. कायद्यानेही विमानाची जबाबदारी त्यांचीच होती. जेसिकाकडे कसलंच लायसन्स नव्हतं आणि त्या वयात ते मिळणारही नव्हतं. पाय पोचावेत म्हणून पेडलना ॲल्युमिनियमचे जोड लावले होते आणि बाहेरचं दिसावं म्हणून तिला उंच बसवलं होतं. तिच्या नावावर विक्रम व्हावा म्हणून सगळा घाट घातला होता. गंमत म्हणजे गिनीजवाल्यांनी सगळ्यात लहान वैमानिकाचा विक्रम नोंदवणं त्याच्या काही वर्षं आधीच बंद केलं होतं, कारण अशा नोंदींपायी लोक मुलांचा जीव धोक्यात घालतील हे त्यांना दिसत होतं.

आता विमानाकडे येते. ते सेस्ना १७७बी, म्हणजे कार्डिनल जातीचं, चार माणसांचं, एका इंजिनाचं होतं. १० एप्रिलला ते कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बेहून निघालं. हे विमानतळ समुद्रकाठी आहे. दिवसभर उडून संध्याकाळी ते वायोमिंगमधल्या शायेनला मुक्कामाला पोचलं. शायेनचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ६,१५६ फुटांवर आहे. आपलं कळसूबाई साधारण ५,४०० फूट. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून उंच जागी त्यांची धावपट्टी होती. तिथली हवा विरळ. विरळ हवेत इंजिनाला कमी हवा मिळते, पुढच्या पंख्याला (प्रोपेलरला) रेटायला कमी हवा मिळते, धावपट्टीवर जास्त धावावं लागतं आणि चढण मंदावते. त्या सकाळच्या तापमानाचा हिशेब धरला तर विमानाच्या लेखी ती उंची ६,६७० फूट होती. रीड समुद्रकाठी उडणारे वैमानिक. एवढ्या विरळ हवेची त्यांना सवय नव्हती.

त्यातच वजन. तीन माणसं, सामान आणि इंधन मिळून टेकऑफच्या वेळी विमान परवानगीच्या कमाल वजनापेक्षा ९६ पौंडांनी जड होतं. म्हणजे सुमारे ४४ किलो. वाचणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल. समुद्रकाठच्या लांबलचक धावपट्टीवर, थंड आणि शांत हवेत एखाद्या वेळी तो खपूनही गेला असता.

आणि हवामान. ११ एप्रिलच्या सकाळी वादळ विमानतळाच्या तोंडाशी आलं होतं. पाऊस, विजा, झोंबरा वारा. इंजिन सुरू केल्यावर लक्षात आलं की पुढच्या चाकाखालचा ठोकळा काढायचाच राहिलाय. तो काढण्यासाठी इंजिन बंद करावं लागलं. टॉवरने सांगितलं की दृश्यमानता नियमापेक्षा खाली गेली आहे, काय करायचंय ते सांगा. अशा वेळी खास परवानगी मागून निघता येतं. रीडनी ती मागताना अशी परवानगी मागितली जी अस्तित्वातच नाही. टॉवरवाल्याने आपल्याला हे माहीत नाही म्हटल्यावर त्यांनी शब्द सुधारला. नुकत्याच उडालेल्या दोन इंजिनांच्या एका सेस्नाच्या वैमानिकाने, खालच्या हवेत वेग १५ नॉट (ताशी सुमारे २८ किलोमीटर) इकडे-तिकडे होतोय, असं कळवलं होतं. तेही टॉवरने रीडना सांगितलं.

मी विद्यार्थ्यांना ही हकीकत सांगते तेव्हा इथे थांबते. ठोकळा राहिला, रेडिओवर जीभ अडखळली. माणूस घाईत आहे, मन भलतीकडे आहे, हे त्यातून कळतं. अपघात हवेत झाला, पण तो टाळायची जागा जमिनीवर होती, आणि इंजिन बंद करून ठोकळा काढला तेव्हा तर विमानातून उतरायची आयती संधी होती.

८ वाजून २४ मिनिटांनी विमान निघालं. बघणाऱ्यांनी नंतर सांगितलं की ते फार खाली होतं, हळू होतं, नाक वर धरलेलं होतं आणि पंख डुगडुगत होते. उजवीकडे वळता वळता त्याचं नाक पडलं आणि ते जवळजवळ सरळ खाली, वस्तीतल्या एका घरापुढच्या रस्त्यावर आदळलं. तिघेही जागीच गेले. जमिनीवरच्या कुणाला इजा झाली नाही.

तुमचा मुख्य प्रश्न : इंजिन चालू असताना कसं? सर, विमानाला हवेत धरतो तो पंख. इंजिनाचं काम पंखाला हवेतून पुढे नेणं एवढंच. पंख समोरून येणाऱ्या हवेला किती तिरका धरलाय त्यावर उचल ठरते. थोडा तिरका केला की उचल वाढते, आणखी केला की आणखी वाढते, पण हे एका हद्दीपर्यंतच. छोट्या विमानांच्या पंखाला ती हद्द साधारण १५ ते १८ अंशांवर येते. त्यापलीकडे पंखाच्या पाठीवरची हवा पंख धरून वाहत नाही. ती सुटते, तिचे भोवरे होतात आणि उचल एकदम कोसळते. इंजिन पूर्ण जोरात असलं तरी हे होतं, नाक आभाळाकडे असलं तरी होतं आणि जमिनीकडे असलं तरीही होऊ शकतं. म्हणजे सगळा खेळ त्या कोनाचा.

विमान जड असेल तर त्याला धरायला जास्त कोन लागतो. वेग कमी असेल तर जास्त कोन लागतो. वळताना जास्त कोन लागतो, कारण पंखाच्या उचलीतला काही भाग विमानाला वळवण्यात खर्च होतो. त्या सकाळी तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि वरून झोडपणारा वारा. हद्दीपर्यंतची सगळी शिल्लक खर्ची पडली होती.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी उंचावरच्या विमानतळांवर स्वतः अनुभवली आहे. विरळ हवेत वेगमापकाचा काटा नेहमीच्या आकड्यावर असतानाही विमान जमिनीच्या हिशेबाने जास्त वेगाने पळत असतं. घरं, झाडं भराभर मागे जातात आणि वाटतं, वेग भरपूर आहे. वारा पाठीमागून असेल तर हा भास आणखी वाढतो. रीड पूर्वेकडे वळत होते आणि वळताना वारा पाठीकडे जात होता. समोरची काच पावसाने भरली असेल तर माणूस बाजूच्या खिडकीतून खाली बघतो, आणि खालचं दृश्य त्याला खोटं सांगतं. काट्यावर नजर असती तर कदाचित त्या क्षणीही नाक खाली करता आलं असतं. पण जमीन काहीशे फुटांवर असताना नाक खाली करायला हात धजत नाही. हात उलट ओढतो. आणि ओढलं की कोन आणखी वाढतो.

मंडळाच्या निष्कर्षात हे सगळं आहे : बिघडत्या हवेत निघण्याचा चुकीचा निर्णय, जास्तीचं वजन, सवयीपलीकडची विरळ हवा आणि वेग न राखल्यामुळे झालेला स्टॉल. त्याला हातभार म्हणून त्यांनी आणखी एक कारण लिहिलं : झेपणार नाही असं वेळापत्रक पाळायची ओढ, आणि तीही काही अंशी प्रसारमाध्यमांना दिलेल्या शब्दांपायी. ठिकठिकाणी मुलाखती ठरलेल्या होत्या. एका वाहिनीने तर विमानात चित्रीकरण करायला कॅमेरा आणि कॅसेट दिल्या होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने कायदा केला : विक्रमासाठी किंवा स्पर्धेसाठी चाललेल्या उड्डाणात बिनलायसन्सच्या माणसाच्या हाती कंट्रोल द्यायचे नाहीत. कायदा चांगला झाला. पण तो मुलांच्या हातांबद्दल आहे, आणि शायेनला कंट्रोलवर हात मोठ्या माणसाचे होते. याचा मला आजही राग येतो. त्या मुलीला कुणीतरी 'आज नको बाळा, उद्या जाऊ' म्हणायला हवं होतं, आणि ते म्हणू शकणारी दोन्ही माणसं तिच्याच विमानात बसली होती.

प्रश्न : माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, विमानांचा नाद लहानपणापासून. एक विचारायचंय. एवढी वर्षं झाली, तरी स्टॉल होणारच नाही असं विमान का बनवत नाहीत?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुम्ही विचारलंय ते विमानविद्येच्या जन्मापासूनचं दुखणं आहे. जर्मनीच्या ऑटो लिलिएन्थालनी ग्लायडरवर शेकडो उड्डाणं केली. ९ ऑगस्ट १८९६ रोजी त्यांच्या ग्लायडरचं नाक उचललं गेलं, तो हवेतच अडला आणि साधारण १५ मीटरवरून पडला. दुसऱ्या दिवशी ते गेले. राइट बंधूंनी तो अपघात मनावर घेतला होता. त्यांच्या विमानात नाक वर-खाली करणारी पट्टी शेपटीला न लावता पुढे लावलेली दिसते, त्यामागे ही धास्तीसुद्धा होती.

तुम्ही म्हणता तसं विमान झालंही आहे. फ्रेड विक या अमेरिकी अभियंत्याने अर्कूप नावाचं दोन माणसांचं विमान केलं, १९४० साली त्याला मान्यता मिळाली. त्यात नाक वर ओढण्याची हालचालच इतकी कमी ठेवली होती की पंख त्या हद्दीच्या पार जाऊच नये. रडरची, म्हणजे शेपटीच्या उभ्या पट्टीची, पेडलही काढून टाकली होती. कॉलम, म्हणजे वैमानिकाच्या हातातलं चाक, फिरवला की पंखाच्या कडा आणि रडर दोन्ही एकत्र हलत. हे विमान गिरक्या घेत पडू शकत नाही, असं सरकारी मान्यतेतच लिहिलं होतं. पण कॉलम पूर्ण ओढून धरला तर ते स्टॉल न होताही बदाबदा खाली बसत जायचं. पंख शाबूत, उचल चालू आणि तरी जमीन वेगाने वर येतेय. शिवाय रडर वेगळं चालवता येत नसल्याने आडव्या वाऱ्यात ते तिरकंच उतरवावं लागायचं.

तुमच्या कामातल्या माणसाला आवडेल अशी एक युक्ती मात्र आज जवळजवळ प्रत्येक शिकाऊ विमानात आहे. सेस्नाचा पंख बुडापासून टोकापर्यंत काही अंशांनी पिळलेला असतो. पुढच्या वेळी विमानतळावर जाल तेव्हा पंखाच्या टोकाकडे उभे राहून बुडाकडे नजर लावून पाहा, पीळ दिसतो. त्यामुळे हवा आधी बुडाशी सुटते आणि टोकाकडची, जिथे विमान डावं-उजवं सावरायच्या पट्ट्या असतात ती, शेवटपर्यंत धरून राहते. अलीकडे पंखाचा कोनच दाखवणारं उपकरण छोट्या विमानांना लावता येतं. अमेरिकेने २०१४ साली त्याची परवानगी सोपी केली. काही विमानांना अख्खं विमान तोलणारं पॅराशूट असतं. पण तेही उघडायला काहीशे फूट लागतात, आणि आपण ज्या अपघातांबद्दल बोलतोय त्यांच्याकडे नेमके तेवढेच नसतात.

प्रश्न : माझी मुलगी विदर्भातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये कमर्शियल लायसन्सचं ट्रेनिंग घेते आहे. परवा फोनवर म्हणाली, 'आई, आज आम्ही मुद्दाम विमान स्टॉल केलं, सात-आठ वेळा!' ती हसत होती आणि मला इकडे घाम फुटला. असं जाणूनबुजून का करतात? मी घाबरू नको असं नका सांगू, पण मी तिला आणि तिच्या शाळेला काय विचारू ते सांगा.
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, तुमची लेक हसत होती ही चांगली खूण आहे. पहिल्या वेळी बहुतेकांचा चेहरा पांढरा पडतो.

तिने काय केलं ते सांगते. विमान तीन-चार हजार फुटांवर नेतात. आसपास, खाली दुसरं विमान नाही हे दोन्ही बाजूंना वळून बघतात. मग थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, मागे घेतात आणि उंची सोडायची नाही म्हणून नाक हळूहळू वर धरत जातात. वेग उतरतो, वाऱ्याचा आवाज कमी होतो, कॉलम हातात सैल लागायला लागतो. मग डाव्या पंखातून जत्रेतल्या पिपाणीसारखा आवाज येतो. विमान थरथरतं आणि नाक आपोआप खाली पडतं. त्या क्षणी तिने फक्त ओढलेला हात सैल सोडायचा, नाक खाली जाऊ द्यायचं, पंख सरळ ठेवायचे, थ्रॉटल पुढे. पंख लगेच हवा धरतो. हात तयार झाला की एवढ्यात शे-दोनशे फूट जातात, जास्त नाही. आणि हे पुन्हा पुन्हा करतात ते हाताची जन्मजात सवय मोडण्यासाठी. पडायला लागलं की माणूस ओढतो. हात सोडणं शिकवावं लागतं आणि ते जिथे खाली भरपूर हवा आहे तिथेच शिकवता येतं.

त्या पिपाणीबद्दल तिला विचारा, ती खुलून सांगेल. सेस्ना १५२ सारख्या विमानाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं. पंखाचा कोन हद्दीजवळ आला की तिथे हवेचा दाब उतरतो, आतली हवा बाहेर ओढली जाते आणि नळीतली पट्टी वाजते. वीज नाही, बॅटरी नाही. उडायच्या आधी ती वाजते का बघायचं असतं. भोकावर स्वच्छ रुमाल धरायचा, त्यावर तोंड लावायचं आणि हवा ओढायची. आत कॉकपिटमध्ये आवाज आला की झालं. काही मुलं लाजून हे टाळतात. माझ्यासमोर कुणी टाळलं की त्या दिवशी विमान जागचं हलत नसे. भोकात किडा घर करून बसला तर आवाज येत नाही, आणि हे शोधायची जागा पाचशे फुटांवर नसते.

आता काय विचारायचं. शाळेला जाऊन विमानांची संख्या, निकालाचे टक्के विचारू नका. ते छापील पत्रकात असतंच. हे विचारा की एखाद्या विद्यार्थिनीने 'आज माझी तयारी नाही' किंवा 'हवा बरोबर वाटत नाही' म्हटलं तर काय होतं? तिचा नंबर मागे जातो का? तिला सर्वांसमोर बोललं जातं का? इन्स्ट्रक्टरांना दिवसात किती तास उडवतात? दमलेला इन्स्ट्रक्टर शेजारी असेल तर दुसऱ्या कंट्रोलचा उपयोग अर्धाच असतो. मुलांशी खासगीत बोला, ती खरं सांगतात.

आणि एक तुमच्याकडे मागते. कमर्शियल लायसन्सला आपल्याकडे २०० तासांचं उड्डाण लागतं आणि त्याचा खर्च लाखांत जातो. घर गहाण पडलेलं असतं, कर्जाचा हप्ता सुरू झालेला असतो. अशा घरातून रोज संध्याकाळी फोन येतो, 'आज किती तास झाले?' आईबाबा काळजीपोटी विचारतात, पण मुलीच्या मनात त्याची बाकी साठत जाते. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे उड्डाण होत नाही, हिवाळ्यात सकाळी धुकं असतं, विमान दुरुस्तीला असतं. मग एके दिवशी हवा पुरती धड नसताना 'एवढा एक तास उरकून घेऊ' असं वाटतं. तुम्ही तासांचं विचारू नका. आज काय शिकलीस ते विचारा. आणि ज्या दिवशी ती म्हणेल, 'आज मी उड्डाण रद्द केलं', त्या दिवशी तिचं कौतुक करा, मनापासून. लेकीला हे घरून ऐकायला मिळालं तर शेजारी मी बसले काय, दुसरं कुणी बसलं काय, ती नाही म्हणायला कचरणार नाही.

प्रश्न : मॅम, मी स्टुडंट पायलट आहे, सेस्ना १५२ वर. बेसवरून फायनलला वळताना मी धावपट्टीच्या रेषेच्या पुढे निघून जाते आणि परत आणायला आतलं पेडल दाबते. सर प्रत्येक वेळी ओरडतात, पण खाली उतरल्यावर घाईत नीट समजावत नाहीत. दुसरं, टेकऑफनंतर इंजिन गेलं तर किती उंचीवरून मागे वळावं?
— एक विद्यार्थिनी, बारामती

उत्तर : सर ओरडतात ते बरोबर आहे. समजावलंही पाहिजे, ते मी करते. इतर वाचकांसाठी आधी एवढंच : उतरण्याआधी धावपट्टीशेजारी चौकोनी फेरी मारतात, ती सर्किट. तिची धावपट्टीला समांतर, उलट दिशेची बाजू म्हणजे डाउनविंड, तिथून वळून येते ती आडवी बाजू बेस, आणि धावपट्टीच्या रेषेतली शेवटची फायनल.

तू रेषेच्या पुढे गेलीस. जास्त कलायची भीती वाटते म्हणून कलणं तेवढंच ठेवून आतलं पेडल दाबून नाक आत ओढतेस. नाक आत वळतं, पण बाहेरचा पंख जोराने पुढे जातो आणि उचलला जातो. कलणं वाढतंय म्हणून तू नकळत कॉलम उलट बाजूला फिरवतेस. नाक खाली जातंय म्हणून नकळत ओढतेस. आता बघ हातापायांचं काय झालं : पेडल आत, कॉलम बाहेर, कॉलम पोटाकडे. गिरकीत घालायला विमानाला याहून वेगळं काहीच लागत नाही. आतला पंख आधी हवा सोडतो आणि विमान आतल्या बाजूला पालथं होत जातं. बाहेरून कुणी बघत असेल तर त्याला वाटेल विमानाने स्वतःच उडी मारली.

सेस्नाच्या एका गिरकीला, त्यातून बाहेर पडण्यासकट, साधारण हजार फूट लागतात. तुझं सर्किट हजार फुटांचं. फायनलला वळतेस तेव्हा तू पाचशेच्या आसपास असतेस. हिशेब तूच कर.

आकडे तुझ्याच विमानाच्या पुस्तकात आहेत. पूर्ण वजनात, फ्लॅप (पंखामागच्या खाली उतरणाऱ्या पट्ट्या) वर, वजनाचा मध्य पुढे असताना सरळ उड्डाणात स्टॉल ४० नॉटला. उंची राखून ३० अंश कलून वळलीस तर ४३. ४५ अंशांना ४८. ६० अंशांना ५७. तुझा फायनलचा वेग साठीच्या घरात. ३० अंशांपर्यंत फरक तीन नॉटांचा आहे, पुढे तो धावत सुटतो. म्हणून सर्किटमध्ये ३० अंश ही माझी लक्ष्मणरेषा असे. तेवढ्यात धावपट्टी धरता आली नाही तर थ्रॉटल पुढे, पंख सरळ, गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. कुणाला काही वाटेल याचा विचार करायचा नाही. आणि रेषेच्या पुढे जायचं मूळ कारण बहुतेकदा वारा असतो : बेसवर वारा पाठीमागून असेल तर तू वाटतं त्याहून भराभर सरकतेस. डाउनविंडवरच वाऱ्याचा अंदाज घे आणि वळण लवकर सुरू कर. पेडलचं काम वळण दाखवणाऱ्या उपकरणातला गोळा मधोमध ठेवणं, एवढंच.

दुसरा प्रश्न. मागे वळणं म्हणजे १८० अंश नव्हे. १८० वळलीस तर धावपट्टीला समांतर पण बाजूला राहतेस, पुन्हा रेषेवर यायला आणखी वळावं लागतं आणि मग परत सरळ व्हावं लागतं. हे सगळं इंजिनाशिवाय, घसरत्या उंचीत, आणि वारा आता पाठीमागून. शिवाय इंजिन गेलंय हे मनाने मान्य करण्यातच काही सेकंद जातात, आणि त्या वेळात नाक चढणीच्या कोनात वरच राहिलेलं असतं. म्हणून पहिली हालचाल नेहमी एकच : नाक खाली, ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगण्याचा वेग. सर्किटच्या उंचीच्या खाली असशील तर समोरच्या ३०-३० अंशांत डावीकडे-उजवीकडे जे बरं दिसेल तिथे उतर. तुमच्याकडे समोर शेतं आहेत. नांगरलेल्या शेतात, पंख सरळ आणि विमान ताब्यात ठेवून उतरलेली माणसं चालत बाहेर आली आहेत.

नेमकी उंची मी इथून सांगणार नाही, कारण ती विमान, वजन, वारा आणि तुझा हात यांवर ठरते. पण ती काढता येते. सरांना घेऊन चार हजार फुटांवर जा. चढणीचा वेग ठेव, थ्रॉटल बंद कर, चार सेकंद काहीच करू नको, मग नाक खाली करून वळ, रेषेवर ये आणि किती फूट गेले ते बघ. डावीकडून कर, उजवीकडून कर. येईल त्या आकड्यात भरपूर वाढ कर, कारण खऱ्या वेळी तू इतकी शांत नसशील. तो आकडा वहीत लिहून ठेव आणि दर टेकऑफच्या आधीच्या ब्रीफिंगमध्ये मोठ्याने म्हण : 'एवढ्या उंचीच्या खाली इंजिन गेलं तर समोर.' पेडलने वळताना आतला पंख कसा पडतो तेही सरांबरोबर त्याच उंचीवर एकदा बघून घे, एकटीने मात्र मुळीच नाही.